सुट्टीपासून आखलेले वर्ष

फाल्गुन सरत आला की येत्या वर्षाचा अभ्यास आखावयास मी बसते, आणि त्या वेळी कोऱ्या कागदावर प्रथम मांडते त्या सुट्ट्या. अभ्यासाचे दिवस त्यांच्यामागून, उरलेल्या जागेत येतात. घरीच मुलांना शिकविणारी, आणि तेही उन्हाळा-पावसाळा न म्हणता बारमाही शिकविणारी बाई सुट्ट्यांचा एवढा घोर का करते, असे येणारे-जाणारे विचारतात. त्यांना मी सांगते ते असे की, जो अभ्यास वर्षभर चालावा अशी आपली इच्छा आहे, त्याच्या विसाव्याच्या जागा आधी ठरविल्या नाहीत तर तो वर्षभर चालतच नाही; आणि या जागा कोणत्या, हे पुस्तकाला किंवा दूरच्या एखाद्या दप्तराला न विचारता, ज्या मातीवर आपण राहतो तिच्या ऋतुमानाला आणि तिच्यावर राबणाऱ्या माणसांच्या येण्याजाण्याला विचारूनच ठरवाव्या लागतात.

आमचे घर जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला आहे. मोसंबीची बाग, कापूस, तूर आणि विहिरीच्या भरवशावर रब्बीची थोडी ज्वारी, एवढा आमचा प्रपंच. लग्नापूर्वी काही वर्षे मी शाळेत शिकविले होते. पुढे थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांचे शिक्षण घरीच करावयाचे असे आम्ही उभयतांनी ठरविले, त्याला सासूबाईंनीही संमती दिली. कायद्याची बाजू आम्ही आधीच पाहून घेतली होती. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो, पण तसे न करणाऱ्या पालकाला तो शिक्षा फर्मावीत नाही. आणि १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षांना घरी शिकलेले मूल बसू शकते. ती संस्था माध्यमिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेते, त्यामुळे वर्षाच्या आखणीला एकाच मार्चच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही.

वर्ष सुरू कोणत्या दिवसापासून करावयाचे, हा आखणीतला पहिला प्रश्न. सरकारी शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर उघडते. जालन्याच्या आडत बाजारातले व्यापारी चोपड्यांची पूजा दिवाळीत करतात. आमच्या आजेसासऱ्यांच्या पेटीत जे जुने कागद सापडले त्यांवर फसली सन आहे. निजामाच्या राजवटीत महसुलाचा आणि दरबाराचा सगळा कारभार त्या सनावर चाले, तो ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई आणि त्याच्यामागून दे, बहमन अशी इराणी नावे येत. खरीप पदरात पडल्यावर ज्याचा हिशेब मिटतो त्या मुलखाला असे वर्ष सोयीचे होते यात शंका नाही. दरसाल १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, हे कागद मी मुलांपुढे ठेवते आणि त्यांत ५९० मिळवून इसवी सन काढावयास लावते. आम्ही मात्र गुढीपाडवा धरला. आमच्या भागात सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडे परततात तीही पाडव्याच्या सुमारास. गावाच्या श्रमाचे वर्ष ज्या दिवशी कूस पालटते, त्याच दिवशी आमच्या घरच्या अभ्यासाचे वर्ष पालटावे, हे मला फार उचित वाटले.

आता हिशेब. पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचे चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे. सहा आठवडे अभ्यास आणि सातवा आठवडा सुट्टी असे एक आवर्तन धरले, तर अशी सात आवर्तने ४९ आठवड्यांत पुरी होतात, आणि वर एक आठवडा नि चार दिवस शिल्लक राहतात. ते मी दिवाळीसाठी राखून ठेवते: दिवाळीत बुडालेले दिवस वर्षाच्या अखेरीस, होळीनंतर, त्यांत भरून काढते. अभ्यासाचे आठवडे भरतात ४२, आणि आठवड्याला पाच दिवस याप्रमाणे दिवस होतात २१०. कायद्याने शाळांसाठी पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरविले आहेत, तेव्हा दिवसांच्या हिशेबात आम्ही मध्यावर आहो. तासांच्या हिशेबात मात्र नाही: शाळेने वर्षाला अनुक्रमे ८०० आणि १००० तास शिकवावे अशी अपेक्षा आहे, आणि आमचे रोजचे तास तीनच. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, शिस्त, वह्यांची तपासणी आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबणे यांत जो वेळ जातो, तो दोन मुलांच्या घरात वाचतो, आणि तीन तासांपलीकडे एका जागी बसविलेले मूल ऐकते थोडे व आंबते अधिक, हे वर्गात आणि घरात दोन्हीकडे मी पाहिले आहे.

सातांची ही आखणी मला विशेष आवडते ती तिच्या विसाव्याच्या जागांमुळे. पाडव्यापासून मोजीत गेले असता पहिला रिकामा आठवडा येतो वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास, जेव्हा मराठवाड्यातले ऊन सकाळी नवालाच डोळ्यांवर येते. दुसरा येतो आषाढी एकादशीच्या उंबरठ्यावर, पेरणीची धांदल बहुधा उरकलेली असते तेव्हा. तिसऱ्याच्या अखेरीला पोळा असतो, आणि पोळ्याच्या आठवड्यात ज्या घरात बैल आहे त्या घरातल्या मुलाला पुस्तकापाशी बसविणे हा त्या मुलावर अन्याय आहे. चौथा दसरा नुकताच झाल्यावर कोजागरीला लागून, पाचवा मार्गशीर्षात चंपाषष्ठीला, सहावा पौष वद्यात संक्रांतीच्या आगेमागे आणि सातवा नेमका होळीला. कोणत्याही पंचांगकर्त्याला न विचारता केवळ सातांच्या गणिताने सण असे हाती यावेत, याचा आनंद मला दरवर्षी नव्याने होतो. महालक्ष्म्यांचे तीन दिवस तेवढे अभ्यासाच्या मध्येच येतात. त्यांना वेगळी रजा देते, आणि तिची भरपाई मागत नाही.

सुट्टी म्हणजे काय, याविषयी आमच्या घरी एकच शिरस्ता आहे: वह्या-पुस्तके लोखंडी पेटीत जातात आणि आठ दिवस पेटी उघडत नाही. गोष्टींची पुस्तके बाहेर असतात, पण कोणी वाचलेच पाहिजे असे नाही. पहिले दोन दिवस मुले रिकामपणाने चिडचिडी होतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, आणि पुष्कळ आया नेमक्या याच वेळी धीर सोडून त्यांच्या हाती काहीतरी उद्योग देऊन टाकतात. मी देत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचे त्यांना काही सुचू लागते: कोणी पाटाच्या पाण्यावर चाक फिरविते, कोणी आजीपाशी बसून दळणाची गाणी विचारते. अभ्यासाने जे मनात शिरले ते आपले झाले की नाही, हे या चौथ्या दिवशी कळते, परीक्षेत कळत नाही. थोरलीने असल्याच एका सुट्टीत विहिरीच्या पाण्याची पातळी दोराला गाठी मारून मोजण्याचे मनावर घेतले, आणि ते काम तिने पुढे स्वतःहून चालू ठेवले. मी तिला ते शिकविले नव्हते, भूगोलाच्या पाठात केवळ भूजलाचा उल्लेख तेवढा केला होता.

हे मला कोणत्या ग्रंथाने शिकविले असे कोणी विचारले तर मी बागेकडे बोट दाखवीन. मोसंबीचा आंबे बहर धरावयाचा असेल तर मार्गशीर्षाच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळतात, आणि वरवर पाहणाऱ्याला बाग मरणाला टेकली असे वाटते. पण याच अवधीत झाड आपल्या काडीत अन्न साठवीत असते. मग ठरल्या वेळी खते देऊन आधी हलके आंबवणीचे, मग चिंबवणीचे पाणी सोडतात आणि माघात सबंध बाग एकदम फुलावर येते. पाणी बारमाही चालू ठेवले तर झाड हिरवे दिसते, पालवी फुटत राहते, फूल मात्र एकजात लागत नाही. ताण किती द्यावयाचा हे जमिनीवर अवलंबून: भारी जमिनीला लांब, हलक्या जमिनीला आखूड. थोरली सहा आठवडे एका विषयात बुडून राहते आणि आठ दिवसांची सुट्टी तिला पुरते. धाकट्याला तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एक शुक्रवार मोकळा लागतोच, आणि तो त्याला मी कागदावरच लिहून देते, म्हणजे तो मागून घ्यावा लागत नाही. परंतु ताण आणि अवर्षण या दोन गोष्टी निराळ्या. ताणाला आरंभ आहे, मुदत आहे, आणि मुदत संपताच पाणी सोडणारा हात आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या कित्येक बागा वाळून सरपणाला गेल्या, तेव्हाही झाडांना पाणी नव्हते, पण त्याला कोणी ताण म्हटले नाही.

जुन्या अध्ययनपरंपरेत हा विचार पुष्कळ खोलवर केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वेदाध्ययनाचे वर्ष आखून दिले आहे: श्रावणात किंवा भाद्रपदात उपाकर्म करून साडेचार महिने नेटाने अध्ययन करावे, पुढे उत्सर्जन करावे, आणि त्यानंतर शुक्लपक्षात वेद व कृष्णपक्षात वेदांगे अशी पालट करीत राहावी, अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी हे अनध्यायाचे दिवस, आणि वीज कडाडली किंवा धुळीचे वादळ उठले तरी अध्ययन थांबवावे. त्या विद्येचे दार माझ्यासारख्या स्त्रीला आणि या गावातल्या बहुसंख्य घरांना बंद होते, याचा विसर मला पडत नाही, आणि पडू नये. तथापि थांबण्याचा दिवस हा नियमाचाच भाग मानावयाचा, त्याला आळस म्हणावयाचे नाही, ही दृष्टी ज्यांची होती त्यांच्याकडून ती घ्यावयास मी संकोचत नाही. पंधरवड्याची पालटही मी तेथूनच उचलली. गणित आणि वाचन रोजचे. इतिहास, विज्ञान, भूगोल, चित्रकला हे मात्र एका आवर्तनात सारे न कोंबता पंधरवड्या-पंधरवड्याने बदलते, आणि गळ्याशी आलेला विषय महिनाभराने पुन्हा भेटला की मुले त्याला ओळखीच्या माणसासारखी हसतमुखाने सामोरी जातात.

लांब सुट्टीने विस्मरण होते हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. जून उजाडला की मागल्या इयत्तेचे पाढे आणि जोडाक्षरे पुन्हा घोटून घेण्यात नागपंचमी येते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली, स्वतःच निरर्थक अक्षरे पाठ करून आणि ती किती काळाने किती विसरतात हे मोजून, विस्मरण आरंभी झपाट्याने होते आणि मग मंदावते, असे दाखविले. अंतराअंतराने केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीहून सरस ठरते हेही त्याने नोंदविले. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या व्हॅली व्ह्यू येथे १९७० साली ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी असे वर्षभराचे चक्र सुरू झाले. तेथे कारण इमारती अपुऱ्या पडण्याचे होते, मुलांच्या मनाचा विचार मागाहून आला. आमचे कारण यांपैकी कोणतेच नाही, आणि आता मी ज्या गोष्टीकडे वळते आहे तिच्यापुढे मला ही सारी कारणे दुय्यम वाटतात.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर पाचटाच्या कोपीत पुढले पाच-सहा महिने काढावयाचे असतात. आई-बापांबरोबर मुलेही जातात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, ही मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातात. परततात मार्च-एप्रिलात, तेव्हा शाळा परीक्षेच्या गडबडीत, आणि परीक्षा झाली की २ मेपासून दीड महिना बंद. ज्या काळात मूल गावात आहे, मोकळे आहे, शिकावयास उत्सुक आहे, नेमक्या त्या काळात शाळेला कुलूप. या मुलांच्या वाट्याला जी खंडित वर्षे येतात त्यांना कोणीही सुट्टी म्हणू नये. ते अवर्षण आहे.

यावर उपाय योजलेले नाहीत असे नाही. आई-बाप फडावर गेले तरी मुलांनी आजी-आजोबांपाशी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि जेथे ती मनापासून चालते तेथे मुले टिकतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत विनातक्रार बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे. या वाटेवरचे आमचे पूर्वसूरी फार थोर आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे पाहून, शाळाच कुरणावर नेली. मुलाच्या दिवसाला शाळेच्या घंटेत बसविण्याऐवजी त्या बायांनी घंटाच मुलाच्या दिवसात बसविली. कुरणशाळेत जे दिवसाचे केले, ते वर्षाचे का करू नये, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि आमच्या घरचा अभ्यास चैत्र-वैशाखातही चालू राहिला त्याचे मूळ या प्रश्नात आहे.

पाडव्यानंतर आमच्या पडवीत सकाळी साडेसहाला सतरंजी पडते आणि ऊन चढण्याच्या आत, साडेनवाला, उचलली जाते. माझ्या दोघांबरोबर फडावरून आलेली मुलेही येऊन बसतात. कोणी इयत्तेने सहावीत पण वाचनाने दुसरीत, कोणी अक्षरांत कच्चे पण उसाच्या मोळ्या, गाड्या आणि टन यांच्या हिशेबात माझ्या थोरलीहून तरबेज. मोळ्यांचा हा हिशेबच आम्ही गुणाकाराचा आरंभ करतो. रामनवमीला सारी मिळून घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला जातो. १६०८ साली जेथे समर्थ रामदास जन्मले ते गाव आपल्या शेजारचे आहे हे मुलांना पायांनी कळावे, म्हणून थोडे अंतर मुद्दाम चालावयास लावते. पावसाळ्यात तास आठला सुरू होतात, मृगापासून पर्जन्यमापकाची नोंद मुलेच ठेवतात, बदनापूरच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या बीडीएन ७११ तुरीला फुले केव्हा आली आणि शेंगा केव्हा भरल्या हेही त्याच वहीत येते. हिवाळ्यात उन्हाची तिरीप पडवीत आल्यावर, नवाला. दसऱ्यानंतरच्या आवर्तनात सतरंजीवर माणसे कमी होतात. जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर मी एक वही देते, आवर्तनाच्या मापानेच आखलेली: सहा आठवड्यांची छोटी कामे आणि सातवे पान मोकळे, कारण कोपीत राहणाऱ्या मुलालाही मोकळ्या पानाचा हक्क आहे. काही वह्या भरून परत येतात, काही पावसात भिजतात, काही चुलीत जातात. मी दरवर्षी नव्या आखते.

आता यंदाची, शके १९४८ ची, आखणी माझ्यापुढे आहे आणि तिच्यात नेहमीचा हिशेब बसत नाही. पाडवा १९ मार्च २०२६ ला, पुढला पाडवा ७ एप्रिल २०२७ ला. वर्ष ३८४ दिवसांचे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला आहे, १७ मे ते १५ जून. सात आवर्तने वजा केली तर हाती ४१ दिवस राहतात. दिवाळीचे अकरा त्यांतून काढले तरी पुरा अधिक महिना शिल्लक. थोरलीचे म्हणणे, महिनाभर सुट्टीच घ्यावी; धाकट्याला मामाच्या गावी जावयाचे आहे; सासूबाईंना अनारशांच्या वाणाला आणि पोथीला वेळ हवा आहे. प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेऊन मी असे ठरविले आहे की, या महिन्यात माझ्या दोघांचा नेमलेला अभ्यास तहकूब ठेवावयाचा, धाकट्याला पहिले दहा दिवस आजोळी पाठवावयाचे, आणि सकाळचे तीनही तास फडावरून आलेल्या मुलांना द्यावयाचे, कारण शाळांच्या उन्हाळी सुट्टीशी हा अधिक महिना जवळजवळ जुळतो आणि असा जुळणारा महिना वारंवार मिळत नाही. पहिले दोन आठवडे केवळ वाचन, मोठ्याने, जोडीजोडीने, तिसऱ्यात भागाकार, चौथ्यात प्रत्येकाने आपल्या टोळीच्या हंगामाचा जमाखर्च, उचल किती, फिटली किती, बाकी किती, आई-बापांना विचारून कागदावर मांडावयाचा. थोरली वाचनाच्या जोड्या सांभाळणार आहे. हे काम तिने मागून घेतले. १६ जूनला निज ज्येष्ठ लागेल, तोवर मृग निघालेला असेल, तास आठवर सरकतील, आणि मोडलेले दुसरे आवर्तन जेथे थांबले होते त्याच पानापासून पुढे चालू होऊन आषाढीच्या आधी पुरे होईल. पाट्या आणि वाचनाच्या पुस्तकांची बेगमी तेवढी पाडव्याच्या आत करून ठेवावयाची आहे. जालन्याला मोसंबीची गाडी जाईल तिच्यातून ती आणण्याचे मालकांनी कबूल केले आहे.